उलटं बदक पण बरोबरच होतं: छोट्या चित्रकोड्यांना मार्क कसे द्यायचे

आमच्या सांगलीत गल्लीच्या मंडळात गणपतीत रांगोळी, पाककला, संगीत खुर्ची हे सगळं असतंच, पण काही वर्षांपासून आम्ही चित्रकोड्यांची स्पर्धा पण घेतो. पोरं आणि मोठी माणसं स्वतः चौकटीच्या वहीवर नोनोग्राम, म्हंजे आकड्यांवरून घरं काळी करत चित्र काढायचं कोडं, बनवून आणतात, आम्ही तिघं बसून ते सोडवतो आणि मार्क देतो, आणि मग निवडलेली कोडी झेरॉक्स काढून सगळ्यांना सोडवायला वाटतो. पहिल्याच वर्षी एका पोराच्या बदकाच्या कोड्याला मी दहापैकी आठ दिले होते, छान दिसत होतं म्हणून. झेरॉक्स वाटल्यावर तिसरीतली एक पोरगी कागद घेऊन आली, तिचं बदक उलटं होतं, म्हंजे पाय वर डोकं खाली, आणि आम्ही तिला सांगितलं की चुकलं बाळा. ती म्हणाली, काकू, आकडे तर सगळे जुळतायत की ओ. घरी आल्यावर मी आकडे मोजले आणि तिचं खरंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगितलं पण ते मला आजही लागतं, कारण चूक कोड्याची होती, ती पकडायचं काम माझं होतं, आणि भोगलं त्या पोरीनं.

तेव्हापासून मार्क द्यायची जी पद्धत बसवत आणली ती इथं सगळी लिहिते. कुणाला शाळेत, मंडळात, वाचनालयात असं काही करायचं असेल किंवा नुसतं ॲपवर कोड्यांना स्टार देत असाल तरी कामाला येईल.

ज्यांना नोनोग्राम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौकटींची जाळी असते, प्रत्येक आडव्या ओळीच्या डावीकडे आणि प्रत्येक उभ्या ओळीच्या डोक्यावर आकडे असतात. आकडा म्हंजे सलग किती घरं काळी करायची. ३ १ लिहिलंय म्हंजे आधी सलग तीन काळी, मग मध्ये कमीत कमी एक घर रिकामं, मग एक काळं. सगळ्या ओळी जुळल्या की चित्र दिसतं. हे आलं जपानमधून, १९८७ च्या आसपास. नॉन इशिदा नावाच्या बाईंनी टोकियोत उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे चालू बंद ठेवून चित्रं करायची स्पर्धा जिंकली होती, त्यातून ही कल्पना निघाली, आणि त्याच सुमारास तेत्सुया निशिओ यांनी वेगळेपणानं तसलंच कोडं बनवलं. इंग्लंडमध्ये जेम्स डॅल्गेटी यांनी नॉनच्या नावावरून नोनोग्राम हे नाव दिलं आणि १९९० पासून तिथल्या संडे टेलिग्राफ पेपरात ती दर आठवड्याला येऊ लागली. आपण नोनोग्राम म्हणा नाहीतर चित्रकोडं म्हणा, पोरं तर सरळ "आकड्याचं चित्र" म्हणतात.

आता मूळ मुद्दा. मार्क द्यायच्या आधी कोडं स्वतः सोडवायचं, पूर्ण, शेवटच्या घरापर्यंत, आणि उत्तर न बघता. हे लिहायची गरज पडावी ह्याचं वाईट वाटतं पण बहुतेक लोक चित्र बघून मार्क देतात, मीही तेच केलं होतं. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे, बनवणाऱ्यानं एका कागदावर फक्त आकडे द्यायचे आणि उत्तर दुसऱ्या कागदावर घडी घालून स्टेपल मारून द्यायचं. कोड्याचं नाव पण उत्तराच्या कागदावरच. कारण "बदक" असं वर लिहिलेलं असलं की डोकं आपोआप बदक शोधायला लागतं, मग चोच कुठं असेल ते आपण आकड्यांवरून काढत नाही, डोळ्यांनी काढतो, आणि कोडं फसलंय हे कळतच नाही. माझं नेमकं हेच झालं होतं.

पेन्सिल टेकवायच्या आधी एक दोन मिनिटांचं काम करा. आडव्या ओळींच्या सगळ्या आकड्यांची बेरीज करा, उभ्या ओळींच्या सगळ्या आकड्यांची बेरीज करा. दोन्ही सारख्याच यायला पाहिजेत, कारण दोन्हीकडून आपण तीच काळी घरं मोजतोय. नाही आल्या तर आकडा लिहायला चुकलाय, कोडं बनवणाऱ्याला परत द्या, दुरुस्त करून आणू द्या. ह्यासाठी मार्क कापू नका आणि शून्य तर अजिबात देऊ नका, ती लिहिण्यातली चूक आहे, कोड्याची नाही. बेरीज जुळली म्हंजे सगळं बरोबर असं मात्र नाही, दोन चुका एकमेकींना झाकू शकतात, पण निम्म्याहून जास्त घोटाळे आमच्याकडे इथंच सापडतात.

मग येते खरी चाळणी, ती म्हंजे उत्तर एकच आहे का. ह्याला मार्क नाहीत. एकच उत्तर असेल तर कोडं पुढं जाईल, नसेल तर परत जाईल, मध्ये काही नाही. मी ह्यावर फार हट्टी आहे, कारण बाकी सगळं आवडीनिवडीवर जातं पण हे जात नाही. ज्या कोड्याला दोन उत्तरं आहेत त्यात सोडवणारा कितीही हुशार असला तरी शेवटी नाणं उडवावं लागतं आणि मग एखादी तिसरीतली पोरगी रडते.

ते बदक असं होतं, बघा:

□■■□□
■■■□□
□□■□■
□□■■■
□□■■□

आडव्या ओळींचे आकडे वरून खाली: २, ३, १ १, ३, २. उभ्या ओळींचे डावीकडून: १, २, ५, २, २. बेरीज दोन्हीकडून १२, म्हंजे पहिल्या तपासणीत पास. पण आता आडव्या ओळींचे आकडे खालून वर वाचा: २, ३, १ १, ३, २. तेच आले. उभ्या ओळींत तर प्रत्येकी एकच आकडा आहे, तो वरून वाचा नाहीतर खालून, काय फरक. म्हंजे अख्खं चित्र उलटं केलं तरी एकही आकडा बदलत नाही, आणि चित्र स्वतः काही वरखाली सारखं नाही, मग दोन उत्तरं होणारच. सरळ बदक आणि उलटं बदक. ही तपासणी करायला दहा सेकंद लागतात आणि मला ती तेव्हा माहीत नव्हती. डावी उजवी बाजू पण अशीच तपासायची, उभ्या ओळींचे आकडे उजवीकडून वाचून बघायचे आणि आडव्या ओळींतले आकडे पण उलटे वाचून बघायचे.

दुसऱ्या वर्षी त्याच पोराला मी ते बदक परत दिलं आणि म्हटलं ह्यात एकच घर बदल आणि बघ. त्यानं शेवटच्या ओळीतलं उजवीकडचं काळं घर काढून टाकलं:

□■■□□
■■■□□
□□■□■
□□■■■
□□■□□

आता आडवे आकडे २, ३, १ १, ३, १ आणि उभे १, २, ५, १, २. बदकाचा बगळा झाला, एका पायावर उभा, कृष्णेच्या काठावर घाटाजवळ असतात तसा, आणि उत्तर एकच. कसं एकच ते सोडवत जाऊ या, कारण पुढचा सगळा विषय ह्या सोडवण्यावरच आहे.

मधली उभी ओळ ५ ची, पाच घरं आहेत, सगळी काळी. शेवटच्या आडव्या ओळीत फक्त १ आहे आणि तो मिळाला, बाकीच्या चार घरांवर फुली, म्हंजे ती रिकामीच राहणार. तिसऱ्या ओळीत १ १ आहे, मधलं काळं झालंय म्हणून त्याच्या दोन्ही शेजारच्या घरांवर फुली. आता दुसरी उभी ओळ बघा, तिला सलग २ पाहिजेत, तिसऱ्या आणि पाचव्या घरावर फुली आहे, चौथं एकटं पडलंय, म्हणून ते दोन वरचेच. त्यामुळं पहिली आडवी ओळ पूर्ण झाली. दुसऱ्या आडव्या ओळीत दुसरं आणि तिसरं घर काळं आहे आणि पाहिजेत तीन, तर शेवटचं पाचवं घर काळं होऊच शकत नाही, कारण तिथपर्यंत पोचायला चार लागतील. मग पाचव्या उभ्या ओळीत वरची दोन घरं गेली, सगळ्यात खालचं पण गेलं, उरली तिसरं आणि चौथं, तीच काळी. चौथ्या आडव्या ओळीत तिसरं आणि पाचवं काळं, सलग तीन पाहिजेत, मधलं पण काळं. चौथ्या उभ्या ओळीला एकच काळं पाहिजे होतं, ते हे झालं, म्हणून दुसऱ्या आडव्या ओळीतलं चौथं घर रिकामं आणि तिसरं काळं पहिल्या घरात. झाला बगळा.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक घर भरताना "हे असंच असलं पाहिजे, दुसरं होऊच शकत नाही" एवढंच आपण वापरलं. कुठंही "इथं असेल बहुतेक" केलं नाही. अशा पद्धतीनं शेवटचं घर भरलं गेलं की उत्तर एकच आहे हे आपोआप सिद्ध झालं, वेगळं काही तपासायची गरज नाही. म्हणून परीक्षकानं सोडवताना अंदाजानं एकही घर भरायचं नाही, अगदी चित्र डोळ्यासमोर दिसत असलं तरी. अडलात तर पेन्सिल खाली ठेवा, चहा घ्या, परत बघा.

तरी अडलंच तर उरलेल्या रिकाम्या घरांत एक चौकोन शोधा. दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, त्यांची चार कोपऱ्यांची घरं. कर्णातली दोन काळी आणि दुसऱ्या कर्णातली दोन रिकामी असं एक उत्तर असेल तर अदलाबदल करून बघा, आकडे तेच राहतात का. राहिले तर दोन उत्तरं. दोन बाय दोनच्या जाळीत १, १ आणि १, १ आकडे घातले तर हेच होतं, तिरकी रेघ ह्या बाजूनं का त्या बाजूनं सांगताच येत नाही. तिरक्या रेघा हा नव्या लोकांचा सगळ्यात मोठा खड्डा आहे. एकानं मिरजेची सतार काढायची म्हणून पाच बाय पाचमध्ये कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी दांडी काढली, सगळ्या ओळींना १, आणि त्याला वाटलं सोपं झालं. त्या आकड्यांना १२० उत्तरं आहेत. पहिल्या ओळीत पाचपैकी कुठलंही घर, दुसरीत उरलेल्या चारपैकी, मग तीन, मग दोन, मग एक, गुणाकार करा.

पाच बाय पाचच्या जाळीत एकूण चित्रं होतात ३,३५,५४,४३२. त्यातली फक्त २,५३,०९,५७५ अशी आहेत की ज्यांच्या आकड्यांवरून एकच उत्तर निघतं. म्हंजे मनाला येईल तसं काळं करत गेलात तर चारातलं एक जवळजवळ फसतं. हे मी पोरांना मुद्दाम सांगते, म्हंजे कोडं परत आलं तर त्यांना वाईट वाटत नाही, सगळ्यांचंच येतं.

कॉम्प्युटरवर सोडवून देणारे प्रोग्रॅम मिळतात आणि छोट्या कोड्याचं उत्तर एकच आहे का ते पटकन सांगतात. मोठ्या जाळ्यांची गोष्ट वेगळी, १९९६ मध्ये उएदा आणि नागाओ ह्या जपानी संशोधकांनी दाखवून दिलंय की सरसकट कुठलंही नोनोग्राम झटपट सोडवायची युक्ती सापडणं अवघडांतलं अवघड काम आहे, पण आपल्या दहा बाय दहाला तो त्रास नाही. वापरा खुशाल, पण चाळणीपुरताच. मार्क प्रोग्रॅमला विचारून देऊ नका, त्याला कंटाळा येत नाही आणि मजा पण येत नाही.

चाळणीतून पास झालेल्यांना आम्ही दहापैकी देतो. मार्गाला पाच, चित्राला तीन, मांडणीला दोन. बरेच जण म्हणतात चित्राला एवढे कमी का, चित्रकोडं आहे ना. पण चित्र शेवटी दिसतं, त्याआधीचा सगळा वेळ माणूस मार्गावर असतो, म्हणून निम्मे मार्क तिकडं.

मार्ग म्हंजे काय तर एका घरावरून दुसऱ्या घराकडं आपण कसे गेलो. बगळ्यात बघा, मधल्या ओळीवरून खाली, मग आडवं, मग डावीकडची उभी ओळ, मग वर, मग एकदम उजवीकडं, मग परत वर डावीकडं. प्रत्येक वेळी आधी जे मिळालं त्यातूनच पुढचं निघालं. हा चांगला मार्ग. मी सोडवताना ज्या ओळीत पुढं सरकले तिच्या शेजारी बारीक नंबर टाकत जाते, १, २, ३ असे, आणि नंतर ते नंबर बघितले की मार्ग दिसतो. बगळ्यात नऊपर्यंत नंबर गेले. एका मार्काला कापलं ते सुरुवातीच्या ५ मुळं, पाचात पाच म्हंजे हातात दिल्यासारखं आहे, तरी पाच बाय पाचमध्ये सुरुवात कुठून तरी करावीच लागते म्हणून जास्त नाही कापलं. मार्गाचे चार.

ह्याच्या शेजारी मोदक ठेवा. आडवे १, ३, ५, ५, ३ आणि उभे २, ४, ५, ४, २. दोन्हीकडं बेरीज १७, उत्तर एकच, मोदक अगदी कळीदार दिसतो. पण एक उभी आणि दोन आडव्या ओळी पूर्ण भरल्या की बाकीचं नुसतं आवरायचं राहतं. मार्गाचे दोन. चित्राचे पूर्ण तीन आणि मांडणीचे दोन, सातावर गेला. पहिल्या वर्षी मी मोदकाला चार दिले होते आणि शेरा मारला होता की फारच सोपं, ते चुकलं होतं. पहिल्यांदा सोडवणाऱ्या पोरासाठी मोदक हेच बरोबर कोडं आहे, त्याला दोन मिनिटांत मोदक दिसतो आणि तो दुसरा कागद मागायला येतो.

दहा बाय दहाला मार्ग बघताना सुरुवातीचा हिशोब असा करा. दहा घरांच्या ओळीत ८ असेल तर ते डावीकडून लावा, उजवीकडून लावा, मधली सहा घरं दोन्हीत काळी येतात, ती पक्की. ६ असेल तर मधली फक्त दोन. ५ असेल तर काहीच नाही. ४ ३ असेल तर मधलं एक रिकामं धरून आठ घरं झाली, दोन घरांची सैल आहे, म्हणून चारातली दोन पक्की आणि तिनातलं एक पक्कं. अशा अर्ध्या मिळालेल्या ओळींनी सुरू होणारं कोडं सहसा रंगतं. सगळीकडं १०, ९, १० असलं की ते रंगकाम होतं. साताऱ्याहून माझी मामेबहीण दरवर्षी एक पाठवते, तिनं एकदा अजिंक्यतारा पाठवला होता, अख्खा डोंगर भरीव काळा आणि वर टॉवर. टॉवरची तीन घरं सोडली तर डोकं लावायला काही नव्हतंच. मी तिला फोनवर म्हटलं, ताई, डोंगराची नुसती कड ठेव आणि आत पायवाट सोड. तिनं पायवाट सोडली, आकडे तुटले, आणि तोच किल्ला मार्गात दोनावरून चारावर आला. नुसतं काळं कमी केलं म्हणून नाही हं, पायवाट वळणाची होती म्हणून, प्रत्येक ओळीत तुटायची जागा वेगळी आली.

मार्गातली अजून एक भानगड म्हंजे "समजा" लावावं लागणं. कधीकधी एका ओळीकडं बघून काहीच मिळत नाही, पण समजा इथं काळं केलं तर शेजारच्या ओळीत आकडा बसत नाही, म्हणून इथं फुली, असं मिळतं. उत्तर एकच असतं, अंदाज नसतो, फक्त दोन पावलं पुढचं बघावं लागतं. हे वाईट नाही, मला तर आवडतं. पण ते "समजा" डोक्यातल्या डोक्यात दोन तीन ओळींत संपलं पाहिजे. अर्धी जाळी भरून मग चुकलं म्हणून खोडरबर घ्यायला लागत असेल तर त्याच्यावर "अवघड" लिहून मोठ्यांच्या गठ्ठ्यात टाका, आणि बनवणाऱ्यानं आधीच अवघड म्हणून सांगितलं असेल तर मार्क कापू नका. न सांगता दिलं असेल तर एक कापा. माझ्याबरोबरचे एक परीक्षक ह्यात दोन कापतात, आमचं त्यावर एकमत नाही.

चित्राचे तीन मार्क देताना घरं किती आहेत ते विसरायचं नाही. पंचवीस घरांत गणपती नाही येत. पंचवीस घरांत मोदक येतो, पणती येते, मासा येतो, बगळा येतो. एक मार्क ओळखता येतं का त्याचा, एक घरांचा उपयोग नीट केलाय का त्याचा, आणि एक उत्तर दिसल्यावर "अरे हो" होतं का त्याचा. बगळ्याला मी दोन दिले, नाव सांगितल्यावर लगेच दिसतो पण न सांगता थोडा वेळ लागतो. एकानं भडंगाची ताटली काढली होती, ताटलीत विखुरलेले ठिपके. सांगलीकर म्हणून मला फार आवडली पण ठिपके कुठंही हलवले तरी ताटलीच दिसते, म्हंजे चित्रातल्या घरांना अर्थ नव्हता. वरून ते ठिपके चाळणीतच अडकले.

चित्राच्या मोहाचं अजून एक. वीस बाय वीसचा आयर्विन पूल आला होता, कमानी एकदम सुंदर, आणि खाली कृष्णेचं पाणी म्हणून एक सोडून एक ठिपके. पूल बघूनच सगळ्यांनी नऊ म्हटलं. सोडवायला बसलो तर पाण्याच्या दोन ओळींत कितीतरी ठिपके इकडचे तिकडं चालत होते. तो परत दिला, पोरगं हिरमुसलं, मग त्यानं ठिपक्यांऐवजी पाण्याच्या सलग लाटा काढल्या आणि चार दिवसांत परत आणला. तेव्हा कमानींची मजा कळली, पण एकसारख्या कमानी असल्यामुळं दुसऱ्या कमानीनंतर तेच तेच परत करावं लागत होतं, म्हणून मार्ग तीन. एकूण आठ. मोठं आहे, मेहनत दिसते, म्हणून जास्त द्यायचा मोह होतो बघा, तो टाळा. मेहनतीचं कौतुक तोंडानं करा.

आणि वेगवेगळ्या साईजची कोडी एकमेकांशी तोलू नका. पाच बाय पाच एका गठ्ठ्यात, दहा बाय दहा एका, पंधरा आणि वरची एका. पंचवीस घरांच्या कोड्यात जेवढं होऊ शकतं त्याच्या मानानं ते कसं आहे हे बघायचं. चारशे घरांच्या शेजारी ठेवलं की छोटं नेहमीच हलकं वाटणार. वेळ लावून पण मार्क देऊ नका, एखादं कोडं मला वीस मिनिटं लागलं ते त्याच्या गुणामुळं का माझ्या झोपेमुळं हे कळत नाही.

मोबाईलवर सोडवत असाल तर चूक दाखवणारी सेटिंग बंद करा. १९९५ च्या मारिओज पिक्रॉस गेममध्ये चुकीचं घर भरलं की तीस मिनिटांतली काही मिनिटं कापली जायची, खेळायला मजा, पण त्यात चूक झालीये हे लगेच कळतं, म्हंजे दोन उत्तरांचं कोडं पण सुटून जातं, कारण गेमच सांगतो हे नाही ते. परीक्षकाला ही मदत नको. आपोआप फुल्या मारणारी सेटिंग पण बंद, मार्ग कळत नाही त्यानं.

कोडं अडलं आणि चिडचिड झाली तर त्याच वेळी मार्क लिहू नका. आधी उत्तराची घडी उघडा आणि बघा की आपण कुठं चुकलो होतो. दहात सहा वेळा मीच एखादी फुली चुकीच्या घरात मारलेली असते, विशेषतः रात्री. आपली चूक असेल तर दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर परत सोडवायचं, तरी पहिल्या वेळची चिडचिड थोडी राहतेच, म्हणून अशा कोड्याचा मार्गाचा मार्क मी दुसऱ्या परीक्षकाचा घेते. अर्धवट सोडलेल्या कोड्याला मार्कच नाहीत, रकाना रिकामा ठेवा. ॲपवर लोक अर्ध्यात सोडून एक स्टार देऊन जातात ना, ते मला फार चुकीचं वाटतं, बनवणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

कागदावर नाव नको, नुसता नंबर. शेजारच्या वहिनींच्या पोराचं कोडं आहे हे कळलं की हात आपोआप सैल होतो, किंवा तसं दिसू नये म्हणून उलट जास्तच घट्ट होतो. तिघांनी कोडी वेगवेगळ्या क्रमानं सोडवायची, कारण पहिल्या दोन तीन कोड्यांना आपण हात राखून मार्क देतो आणि शेवटी थकून काहीही देतो. सगळी झाली की पहिली तीन परत काढून बघायची. तिघांनी मार्क लिहून होईपर्यंत बोलायचं नाही, आणि मग तीन आकड्यांतला मधला घ्यायचा. ५, ७, ८ असेल तर ७. सरासरीत एकाच्या रागाचा किंवा लाडाचा परिणाम होतो, मधल्या आकड्यात तो कमी होतो. तीन किंवा जास्त मार्कांचा फरक पडला तरच बोलायला बसा, आणि बोलताना "मला नाही आवडलं" चालत नाही, कुठल्या ओळीत काय झालं ते बोट ठेवून दाखवायचं.

मांडणीचे दोन मार्क पटकन होतात. आकडे वाचता येतात का, आकडे बरोबर ओळीसमोर आहेत का, पाच पाच घरांनी जाड रेघ आहे का. दहा बाय दहाला जाड रेघ नसेल तर मी एक कापतेच, मोजता मोजता डोळे दुखतात. रंगीत कोडी आमच्याकडे फार येत नाहीत, आली तर दोन वेगळ्या रंगांच्या गटांमध्ये रिकामं घर लागत नाही हा नियम वर लिहिलाय का तेवढं बघा, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही रंग काळे होतात म्हणून ती वेगळी ठेवा.

शेवटी प्रत्येक कागदावर मार्कांखाली दोन ओळी लिहा. एकात काय चांगलं झालं ते, ओळीचा नंबर घालून, आणि एकात काय बदलता येईल ते. "छान प्रयत्न" लिहू नका, त्याचं पोरांना काही करता येत नाही. "पाचव्या उभ्या ओळीतला २ मिळतो तिथं मजा आली, चोचीला अजून एक घर देता आलं तर बघ" असं लिहिलं की पोरगं त्याच संध्याकाळी नवी जाळी आखतं. एका बसणीत दहापेक्षा जास्त कोडी मी घेत नाही, आणि पाच बाय पाचचा गठ्ठा आधी, डोकं ताजं असताना, कारण दोन उत्तरं लपलेली असतात ती बहुतेक त्यातच आणि तीच सगळ्यात लहान पोरांच्या हातात जातात.

ह्या वर्षी त्या तिसरीतल्या पोरीनं, आता ती सहावीत आहे, स्वतः कोडं दिलंय. नंबर १४. मला नाव कळायला नको होतं पण कागद देताना तीच पुढं आली, म्हणून ते मी सोडवणार नाही, बाकीचे दोघं सोडवतील.